रांगेतला शेवटचा माणूस

टंचाई ही आपल्या देशाला काही नवलाईची गोष्ट नाही. आपल्या आधीच्या पिढीने रॉकेलच्या रांगा पाहिल्या, साखरेसाठी रेशनकार्ड हातात धरून तासन् तास उभे राहणे पाहिले, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे पाहिली. घरातली वडीलधारी मंडळी त्या दिवसांच्या गोष्टी सांगू लागली की आम्हा मुलांना त्या एखाद्या जुन्या बोलपटातल्या वाटत. दुकाने मालाने ओसंडत आहेत आणि हवी ती वस्तू चार दिवसांत दारात येऊन पडते आहे, अशा काळात आमची पिढी वाढली. ‘माल शिल्लक नाही’ ही पाटी आमच्या लेखी इतिहासजमा झाली होती. २०२० नंतर ती पाटी पुन्हा टांगली गेली, आणि जेथे ती टांगली गेली नाही तेथे तिच्या जागी नव्या किमतीची चिठ्ठी आली.

या टंचाईची कारणे वर्तमानपत्रांनी पुष्कळ सांगितली. साथ, युद्ध, अडलेली जहाजे, बंद पडलेले कारखाने. ती कारणे खरीच आहेत आणि त्यांतील काहींचा विचार मी पुढे करणारही आहे. परंतु माझा मूळ प्रश्न जरा निराळा आहे. टंचाई आली म्हणजे रांग लागते. या रांगेत पुढे कोण उभा राहतो, शेवटी कोण, आणि हा क्रम ठरवतो कोण? अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात व त्या बिंदूला आपण किंमत म्हणतो. त्या आकृतीत रांग कोठेच दिसत नाही. बाजारात मात्र ती दिसते.

प्रथम वाहतुकीचा विचार करू, कारण आजच्या वस्तूचे अर्धे आयुष्य प्रवासातच जाते. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे एक जुने तेलवाहू जहाज ५८ पोलादी पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले. माल्कम मॅक्लीन या मालट्रकच्या धंद्यातील माणसाची ती कल्पना होती. गोणी, पिंप, खोका असा सुटा माल हमालांकडून चढवण्याऐवजी सगळा माल एका पेटीत भरावा आणि पेटीच उचलावी, इतकी ती साधी. त्या काळी सुटा माल जहाजावर चढवायला टनामागे सुमारे ५ डॉलर ८६ सेंट पडत. पेटीने हेच काम १६ सेंटांत होऊ लागले. आज ज्याला आपण कंटेनर म्हणतो तो हाच. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले ते मुख्यतः याच पेटीसाठी. समुद्रवाहतूक इतकी स्वस्त झाली की ती किमतीत जवळजवळ दिसेनाशी झाली. दिसेनाशी झाल्यामुळे आपण तिला विसरलो, आणि विसरल्यामुळे शेजारच्या तालुक्यात होणारी वस्तूसुद्धा हजारो मैलांवरून आणणे सगळ्यांना परवडू लागले.

२०२० मध्ये हे यंत्र बिघडले. आधी कारखाने बंद, म्हणून जहाज कंपन्यांनी फेऱ्या रद्द केल्या. नंतर घरी बसलेल्या श्रीमंत देशांतील लोकांनी हॉटेल आणि प्रवास यांवरचा पैसा वस्तूंकडे वळवला व मागणी एकदम उसळली. रिकाम्या पेट्या नको त्या बंदरांत अडकून पडल्या आणि हव्या त्या बंदरांत मिळेनाशा झाल्या. आपल्याकडचे निर्यातदारही या रिकाम्या पेट्यांसाठी ताटकळत होते. जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांपुढे शंभरावर जहाजे नंबर लावून होती. मध्येच २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले. सहा दिवस कालवा बंद, दोन्ही तोंडांशी तीनशेहून अधिक जहाजे खोळंबलेली. जहाजावरचे २५ खलाशी सगळे भारतीय होते, ही गोष्ट त्या गडबडीत फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. जहाज सुटले तरी भरपाईच्या वादात इजिप्तने ते ७ जुलैपर्यंत अडकवून ठेवले, आणि बहुतेक खलाशीही त्याच्याबरोबर तेथेच राहिले. रांगेतल्या शेवटच्या माणसांची ही पहिली ओळख.

आता भाड्याचे आकडे पाहा. ‘ड्र्यूरी’ या संस्थेच्या निर्देशांकानुसार चाळीस फुटी पेटीचे सरासरी भाडे २०१९ साली सुमारे १,४२० डॉलर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,३७७ डॉलरवर गेले. म्हणजे सातपटीहून अधिक. २०२३ च्या अखेरीकडे ते पुन्हा खाली, जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आले. तोच नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हौथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि जुलै २०२४ पर्यंत भाडे साडेपाच हजार डॉलरच्या वर चढले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला तेव्हा मुंबई-लंडन हा सागरी मार्ग सुमारे साडेचार हजार मैलांनी आखूड झाला होता. शंभरावर वर्षांची ती कमाई काही क्षेपणास्त्रांनी काही महिन्यांपुरती का होईना, पुसून टाकली.

पण येथेच खरी गंमत आहे. गंमत कसली, विटंबनाच आहे. पेटीचे भाडे आत काय आहे ते पाहून ठरत नाही. पेटीने किती जागा अडवली यावर ते ठरते. हिशेबापुरते धरून चालू की एका पेटीत वीस कोटी रुपयांचे मोबाइल फोन आहेत आणि दुसरीत बारा लाखांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. वरील दोन टोकांमधील भाडेवाढ रुपयांत सुमारे साडेसहा लाख होते. फोनवाल्याच्या पेटीत हा वाढीव बोजा शेकडा एक तृतीयांशही पडत नाही. तो त्याच्या जाहिरातीच्या खर्चात सहज मुरून जातो. खुर्चीवाल्याच्या पेटीत मात्र हाच बोजा शेकडा चोपन्नाच्या घरात जातो. म्हणजे वस्तू जितकी स्वस्त, जितकी अवजड, तितका तिच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा. आता स्वस्त आणि अवजड वस्तू कोण विकत घेतो, हे मी सांगायला हवे काय? खुर्ची, बादली, कागद, स्वस्त कापड, खेळणी, तेलाचा डबा. गरिबाच्या घरात वाहतूक खर्च दाटून भरलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२१ मध्ये जो अंदाज वर्तवला त्यातही हेच दिसले. ही भाडेवाढ टिकली तर जगभर ग्राहकाला मोजाव्या लागणाऱ्या किमती सरासरी दीड टक्क्याने वाढतील, पण लहान लहान बेटांच्या गरीब देशांत त्या साडेसात टक्क्यांनी वाढतील, असे तिचे म्हणणे होते. समुद्राने वेढलेल्यांनाच समुद्र सर्वांत महाग पडला.

तेलाचा उल्लेख आलाच आहे तर स्वयंपाकघरात डोकावून पाहू. आपण खातो त्यातील निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचे मुख्यतः युक्रेन-रशियाकडून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच एक वाट अडली, आणि २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने आपल्या लोकांसाठी पाम तेलाची निर्यातच थांबवली, ती २३ मेपर्यंत. तेथील सरकारने आपल्या गृहिणीला रांगेत पुढे घेतले, आपली गृहिणी आपोआप मागे गेली. वास्तविक १९८६ साली आपल्याकडे तेलबियांचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले होते आणि नव्वदीच्या सुरुवातीस देश खाद्यतेलाच्या बाबतीत जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ पासून आयातीची दारे उघडत गेली. परदेशी तेल स्वस्त पडत होते आणि शेतकऱ्याला करडई, जवस, भुईमूग पिकवणे परवडेनासे झाले. ज्या मराठवाड्यात करडईचे तेल घराघरांत होते तेथे परदेशी तेलाची पिशवी आली. स्वस्ताई हीसुद्धा एक प्रकारची उधारी असते. ती कधी ना कधी वसूल होते.

हा झाला गरजेच्या वस्तूंचा विचार. आता मला छंदाच्या वस्तूंकडे वळायचे आहे. कित्येकांना हा विषयच क्षुल्लक वाटेल. ‘तेल महागले असताना तुम्ही रंगाच्या ट्यूबा आणि सतारीच्या तारा कसल्या मोजत बसलात?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक खरी घडलेली हकीकत सांगतो.

‘रास्पबेरी पाय’ नावाचा एक लहानसा संगणक आहे, हातात मावेल एवढा. इंग्लंडमधील काही मंडळींनी शाळकरी मुलांना संगणकाचे आतले काम शिकता यावे, चुकून बिघडला तरी आईबापांच्या खिशाला भोक पडू नये, म्हणून तो बनवला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला बाजारात आणला. मुलांनी तो घेतला, छंदिष्टांनी घेतला आणि त्यांनीच त्याचे नाव जगभर केले. मग कारखानदारांच्या लक्षात आले की आपल्या यंत्रांतही हा बसतो. २०२१ मध्ये चिपांची टंचाई आली. जेवढे नग तयार होत होते त्यांत कारखानदारांची मागणी आधी पुरवावी, असे कंपनीने ठरवले. तिचे म्हणणे असे की त्या वस्तूवर कित्येकांचे धंदे आणि नोकऱ्या अवलंबून आहेत. म्हणणे खोटे नव्हे. परंतु ज्याच्यासाठी ती वस्तू जन्माला आली तो मुलगा दीड-दोन वर्षे रिकाम्या दुकानांच्या याद्या पाहत बसला, किंवा काळ्या बाजारवाल्याला दुप्पट-तिप्पट मोजू लागला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने एकेकटे नग घेणाऱ्यांसाठी लाखभर नग राखून ठेवल्याचे जाहीर केले, तेव्हा कोठे रांग पुढे सरकली.

या हकीकतीतून मला दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. रांगेचा क्रम निसर्गाने ठरवला नव्हता. तो एका बैठकीत ठरला आणि दुसऱ्या बैठकीत बदलताही आला. आणि दुसरे असे की एकेक नग घेणारा माणूस संघटित नसतो, म्हणून त्याला मागे सारणे सर्वांत सोपे जाते. शंभर नग घेणाऱ्याचा दूरध्वनी साहेबांच्या टेबलावर वाजतो. एक नग घेणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आपल्या मातीतले उदाहरण घ्यायचे तर मिरजेचे घ्या. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपणा सर्वांना अभिमान वाटला. या वाद्यांचा भोपळा पंढरपूरच्या बाजूला पिकतो. कारागीर मिरजेचा, त्याची विद्या बापजाद्यांपासून आलेली. पण सतारीवर चढणारी चांगली पोलादी तार म्हटली की वादक अजूनही जर्मनीच्या तारेकडे बोट दाखवतो. म्हणजे पंढरपूरचा भोपळाही शेवटी सातासमुद्रांपलीकडच्या तारेनेच बोलतो. मोठ्या वादकाला तार महाग झाल्याने फरक पडत नाही. त्याच्याकडे तारांची वेटोळी शिल्लक असतात. फरक पडतो तो संगीताच्या वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला, ज्याची तार रियाजात रोज तुटते. शिकणाराच सर्वांत अधिक तारा तोडतो, सर्वांत अधिक कागद खराब करतो, सर्वांत अधिक रंग सांडतो. म्हणून कलेच्या साहित्याची महागाई ही मुख्यतः शिकणाऱ्यावर बसलेली पट्टी आहे. झालेल्या कलावंताला ती टोचते. होऊ घातलेल्याला ती थांबवते.

‘छंद ही चैन आहे’ या आक्षेपाला माझे उत्तर हेच आहे. आज जो छंद दिसतो तो उद्याचा व्यवसाय असतो, परवाची विद्या असते. पेटी वाजवणारा, फोटो काढणारा, लाकडाची जहाजे करणारा, तिकिटे जमवणारा, हे लोक बाजाराच्या दृष्टीने किरकोळ गिऱ्हाईक आहेत, पण समाजाची हौस, नजर आणि हात यांच्याकडूनच तयार होतात. आणि एक विसरू नये. तेल महागले म्हणजे घरातून पहिली कात्री लागते ती याच खर्चाला. म्हणून तेलाची टंचाई आणि रंगाची टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एकीचा घाव दुसरीवर उतरतो.

कागदाची कथा तर आपल्या, म्हणजे वाङ्मय शिकणाऱ्यांच्या, जिव्हाळ्याची आहे. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेत परकीय चलन संपले. कागद आणि शाई आयात करता येईना, म्हणून पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. लाखो मुलांची परीक्षा कागद नाही म्हणून रद्द होते, ही बातमी मी वाचली तेव्हा प्रथम ती थट्टाच वाटली. पण कागद तुटला की काय काय तुटते, हे आपल्या देशानेही पाहिलेले आहे. १९७२-७३ च्या धोरणात सरकारने वृत्तपत्री कागदाच्या टंचाईचे कारण देऊन दैनिकांच्या पानांवर दहाची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ३० ऑक्टोबर १९७२ रोजी बेनेट कोलमन खटल्यात बहुमताने निर्णय दिला की कागदाची वाटणी करण्याच्या निमित्ताने वृत्तपत्राने किती पाने काढावीत हे सरकारने ठरवणे म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच होय. टंचाई ही केवळ बाजाराची बाब नव्हे, ती स्वातंत्र्याचीही बाब होऊ शकते, हे त्या निकालातून मला उमजते.

आज पानांवर सरकारी मर्यादा नाही. पण ग्रंथ छापून झाल्यावर तो वाचकापर्यंत पोचायला हवा, आणि तेथे वाहतूक खर्च पुन्हा आडवा येतो. दीडशे रुपयांचा कवितासंग्रह एखाद्या लहान प्रकाशकाकडून मागवून पाहा. टपाल अगर कुरियरचा खर्च साठ-सत्तर रुपये मोजताना असे वाटते की आपण कविता घेतो आहोत की तिचे प्रवासभाडे? मोठ्या ऑनलाइन दुकानांत ‘घरपोच मोफत’ असते, पण ते ठरावीक रकमेच्या वर. अधिक घेणाऱ्याला वाहतूक फुकट आणि थोडे घेणाऱ्याला पदरची. खिसा जेवढा लहान तेवढा दर चढा, हा किराणा दुकानातल्या दहा रुपयांच्या पुडीचा जुना न्याय येथेही लागू आहे.

यावर आपल्या टपाल खात्याची नोंदणीकृत बुक-पोस्टाची सवलत हा मोठा आधार होता. पाच किलोपर्यंतचे ग्रंथ ऐंशी रुपयांच्या आसपास देशात कोठेही जात. डिसेंबर २०२४ मध्ये ही सोय एकाएकी बंद झाली. देशभरच्या लहान प्रकाशकांनी ओरड केली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाने नवी सेवा सुरू झाली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे तिचे सुरुवातीचे दर. हे पाऊल स्वागतार्ह आहे आणि ओरड केल्याने रांगेचा क्रम बदलतो याचा तो पुरावाही आहे. पण तिच्या नियमांत नियतकालिकांना जागा ठेवली नाही, जाहिराती असलेल्या प्रकाशनांना ठेवली नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक दरवर्षी ज्या अंकांची वाट पाहतो, ते अंक नियतकालिकही आहेत आणि जाहिरातींवर जगणारेही. मराठी मनाला ज्ञान ज्या रूपात सर्वांत अधिक पोचले त्या रूपाला ‘ज्ञान पोस्टा’त प्रवेश नाही, ही विसंगती दूर व्हावी असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

परदेशातील मराठी माणसांनी तर २०२५ मध्ये निराळाच अनुभव घेतला. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. जकात गोळा कोणी करायची याचाच उलगडा नव्हता, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले आणि पुढे सगळेच टपाल घेणे थांबवले. ते पुन्हा सुरू झाले १५ ऑक्टोबरला, दिवाळी ऐन तोंडावर आली तेव्हा. मुलाला फराळ आणि अंक पाठवू पाहणाऱ्या आईचा या दोन सरकारांच्या तंट्याशी संबंध तो काय? खासगी कुरियरची दारे उघडी होती, पण त्यांचे दर चकलीच्या किमतीला कितीतरी पटींनी मागे टाकणारे.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. टंचाईने नवे शोध लागतात असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. चित्रकारांच्या पेटीतला ‘अल्ट्रामरीन’ निळा घ्या. या नावाचा अर्थच मुळी ‘समुद्रापलीकडचा’. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतला लाजवर्दी दगड कुटून तो करीत आणि युरोपात त्याला सोन्याच्या तोडीचा भाव येई. १८२४ साली फ्रान्समधील एका संस्थेने तो कृत्रिम रीतीने करून दाखवणाऱ्यास सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले आणि १८२८ साली गिमे या रसायनज्ञाने ते मिळवले. एके काळी राजेरजवाड्यांच्याच चित्रांत दिसणारा तो रंग पुढे पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ होऊन आपल्या न्हाणीघरात आला. पण ध्यानात घ्या, हा शोध भाव चढल्याने आपोआप लागला नाही. कोणीतरी जाणूनबुजून बक्षीस लावले, प्रयत्नाला बळ दिले. टंचाई हे निमित्त. शोध लावायचा तर त्यामागे इच्छा लागते.

टंचाईत कोणाचा फायदाही होतो. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरचे कामगार उपाशी पडले आणि मुंबईच्या कापूसबाजारात सोने ओतले गेले. त्या पैशांतून सट्टा उसळला, १८६५ मध्ये तो कोसळला आणि कित्येक घरे धुळीला मिळाली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा आहे ते प्रेमचंद रायचंद त्याच तेजीचे धनी आणि त्याच मंदीचे बळी. आपल्या काळातही हेच घडले. मर्स्क या जहाज कंपनीने २०२२ या एका वर्षात सुमारे २९ अब्ज डॉलर नफा मिळवला. फरक एवढाच की त्या नफ्यातून आपल्यासाठी एखादा मनोरा काही उभा राहिला नाही. आणि २०२३ मध्ये भाडी उतरली तेव्हा दुकानातल्या किमतींच्या चिठ्ठ्या तेवढ्याच तत्परतेने उतरलेल्या कोणी पाहिल्या काय? भाववाढीला जहाजाचे कारण असते. भाव उतरण्याच्या वेळी ते जहाज कोठे जाते कोण जाणे!

मग सगळे येथेच करावे हा उपाय आहे काय? स्वदेशीचा विचार मला प्रिय आहे, आणि करडईच्या बाबतीत तो उशिरा का होईना केला पाहिजे. परंतु प्रत्येक वस्तूला तो लावता येणार नाही. उटकमंडजवळ हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. १९६७ पासून तेथे फिल्म निघू लागली आणि ‘इंदू’ हे नाव छायाचित्रकारांच्या परिचयाचे झाले. डिजिटल कॅमेरा आला आणि तो कारखाना टिकला नाही. आज फिल्मवर फोटो काढण्याची हौस असणाऱ्या तरुणाला परदेशी रोळावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक छंदासाठी देशात एक कारखाना असावा असे म्हणणे म्हणजे हट्ट झाला. आयात राहणारच. प्रश्न आहे तो एकेकट्या गिऱ्हाइकाने तिचे ओझे कसे पेलायचे हा.

येथे मला सत्तरीच्या दशकातील एक प्रयोग आठवतो. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली १९७४ साली, आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने काम सुरू केले. दहा-बारा शेजारी कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक भावाने उतरवून आपसांत वाटून घ्यायचा, अशी ती साधी रीत. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. पण कायदा फसवणुकीविरुद्ध दाद देतो, एकाकीपणाविरुद्ध नाही. त्यावर औषध संघाचेच.

म्हणून माझी सूचना आपल्या महाविद्यालयापुरती आणि अगदी व्यवहाराची आहे. आपल्याकडे चित्र काढणारे आहेत, गाणारे-वाजवणारे आहेत, नाटकवाले आहेत, आणि वाचणारे तर सगळेच असायला हवेत. प्रत्येकजण आपापली एक ट्यूब, एक तार, एक पुस्तक स्वतंत्रपणे मागवतो आणि प्रत्येक वेळी स्वतंत्र प्रवासभाडे भरतो. महिन्यातून एक दिवस ठरवून या मागण्या एकत्र करता येणार नाहीत काय? ग्रंथालयाने लहान प्रकाशकांकडे आपल्या मागणीबरोबर विद्यार्थ्यांचीही मागणी पाठवली तर पाच किलोच्या गठ्ठ्यात वीस जणांची पुस्तके येतील आणि एकेकाला वाहतूक चार-सहा रुपये पडेल. सतारीच्या तारांचे वेटोळे घाऊक घेऊन वर्गात वाटता येईल. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर एका कपाटात आणि एका वहीत हा सगळा कारभार मावेल. दिवाळी अंकांना टपाल सवलत मिळावी म्हणून सह्यांचे एक निवेदनही याच वहीतून निघू शकेल.

यातून जागतिक व्यापार सुधारणार नाही हे मला ठाऊक आहे. सुएझमध्ये उद्या आणखी एक जहाज अडकेल, कोठेतरी युद्ध पेटेल आणि पेटीचे भाडे पुन्हा चढेल. त्यावर आपला इलाज नाही. पण रांगेत आपण कोठे उभे राहायचे हे मात्र सर्वस्वी दुसऱ्यांनी ठरवावे असे नाही. शंभर सुटी गिऱ्हाइके शंभर वेळा शेवटी उभी राहतात. तीच एका यादीत आली की घाऊक गिऱ्हाईक ठरतात, आणि घाऊक गिऱ्हाइकाला शेवटी उभे करण्याची हिंमत अजून कोणत्याही दुकानदारात आलेली नाही.